नेत्रसाधिका डॉ. आयडा मान

जैन तत्त्वज्ञानात संसारी जीवांचे वर्गीकरण त्यांच्या इंद्रियांवरून केलेले आहे, हे पाठशाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि वनस्पती या जीवांना केवळ स्पर्श आहे. शंख, अळी यांना स्पर्शाबरोबर रसना आहे. मुंगीला त्यापुढे घ्राण आहे. माशी, डास, भ्रमर हे चतुरिंद्रिय होत. येथे प्रथम डोळा येतो. म्हणजे दृष्टी लाभण्यापूर्वी जीवाला तीन पायऱ्या चढून याव्या लागतात. बालपणी ही यादी आम्ही पाढ्यांसारखी घोकली. तिचा अर्थ मात्र पुष्कळ वर्षांनी, ट्रस्टच्या नेत्रशिबिरात नावनोंदणीच्या टेबलाशी बसू लागल्यावर मनात उतरला.

अशाच एका शिबिरात शेजारच्या तालुक्यातील एक आजी आल्या होत्या. मोतीबिंदू असेल या समजुतीने मुलाने त्यांना आणले होते. डॉक्टरांनी त्यांची वरची पापणी उलटी करून आम्हा कार्यकर्त्यांना दाखविली. आतील बाजूस पांढरट व्रणांच्या रेषा होत्या आणि पापणीचे केस आत वळून बुबुळावर घासत होते. लहानपणी झालेल्या खुपऱ्यांचा हा परिणाम, असे डॉक्टर म्हणाले. आजी कित्येक वर्षे ते केस चिमट्याने स्वतःच उपटत आल्या होत्या. खुपऱ्या हा शब्द आमच्या पिढीने ऐकलेला. पण एवढ्याशा रोगाने माणूस आंधळा होतो, हे मला ठाऊक नव्हते. त्या जिज्ञासेपोटी जे वाचन झाले, त्यात डॉ. आयडा मान हे नाव पुनःपुन्हा समोर आले. नेत्रवैद्यकात हे नाव जगभर आदराने घेतले जाते. आपल्या समाजात ते फारसे परिचित नाही, म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

आयडा कॅरोलिन मान यांचा जन्म 6 फेब्रुवारी 1893 रोजी लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेड भागात झाला. वडील टपाल खात्यात कारकून होते. घर खाऊनपिऊन सुखी, पण मुलीला उच्च शिक्षण द्यावे अशी कल्पना त्या घरात कोणाला शिवली नव्हती. मुलगी हुशार आहे, तेव्हा व्यापारी शिक्षणाचा वर्ग करावा, सरकारी परीक्षा द्यावी आणि वडिलांच्याच खात्यात चिकटावे, असा सरळ हिशेब होता. त्याप्रमाणे आयडा पोस्टाच्या बचत बँकेत कारकून झाल्या. दिवसभर खातेवह्यांतील आकडे जुळवायचे, हे काम. आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला त्यात कमीपणा वाटणार नाही. परंतु आयडा यांना ते जीवन असह्य वाटू लागले होते.

एके दिवशी लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपेल येथील मोठे रुग्णालय पाहण्याचा योग आला. गरीब वस्तीतील ते रुग्णालय, तेथील वॉर्ड, तेथील धावपळ पाहून बाहेर पडताना या तरुण कारकुनीने आपण डॉक्टर व्हायचे असे ठरवून टाकले. वडिलांचा विरोध झाला. तो अस्वाभाविक म्हणता येणार नाही; निवृत्तिवेतनाची नोकरी सोडून मुलीने अनेक वर्षांचे खर्चिक शिक्षण घ्यावे, हे आजही पुष्कळ घरांत सहज पचत नाही. परंतु आयडा यांनी नोकरी सांभाळून प्रवेशपरीक्षा दिली आणि 1914 साली स्त्रियांसाठी असलेल्या लंडनच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश मिळविला.

त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. पुरुष विद्यार्थी रणांगणावर गेले, रुग्णालयांत हात कमी पडू लागले, आणि जी विद्यालये स्त्रियांना उंबऱ्याबाहेर ठेवीत होती त्यांपैकी काहींनी नाइलाजाने दारे उघडली. पॅडिंग्टन येथील सेंट मेरीज रुग्णालय त्यांपैकी एक. आयडा मान तेथे शिकल्या आणि 1920 साली पदवीधर झाल्या. युद्ध संपले, पुरुष परतले आणि काही वर्षांतच ते दार स्त्रियांसाठी पुन्हा मिटले. गरज होती तोवर योग्यता मान्य होती, गरज सरल्यावर ती दिसेनाशी झाली. व्यापारात अशी माणसे आपण पाहतो. विद्येच्या क्षेत्रातही असतात, एवढेच.

सेंट मेरीजमध्ये शिकत असतानाच त्यांना गर्भविज्ञानाची गोडी लागली. मानवी गर्भाचे केसाहून पातळ छेद काचपट्टीवर घेऊन, एकामागून एक सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, मातेच्या उदरात डोळा कसा घडतो याचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. हा विषय थोडा विस्ताराने सांगावासा वाटतो. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास मेंदूच्या दोन्ही बाजूंना दोन फुगीर कोंब फुटतात. कोंब त्वचेपर्यंत पोहोचला की त्वचेचा नेमका तेवढाच भाग जाड होऊन आत वळतो, तिच्यापासून सुटतो आणि त्याचा नेत्रमणी बनतो. कोंब स्वतः वाटीसारखा खोलगट होतो आणि त्यातून दृष्टिपटल तयार होते. या वाटीच्या तळाशी एक फट राहिलेली असते, ती सातव्या आठवड्याच्या सुमारास मिटते. मिटली नाही तर मूल बाहुलीत खाच घेऊन जन्माला येते. म्हणजे आपण ज्याला डोळा म्हणतो, तो अर्धा मेंदू आहे आणि अर्धी त्वचा आहे. ज्या कर्मसिद्धान्तात आपण वाढलो त्यात शरीरातील प्रत्येक अवयवाच्या रचनेस नामकर्म कारण मानले आहे. त्या रचनेची ही बाह्य बाजू एखाद्याने इतक्या बारकाईने उलगडावी, हे वाचताना मी थक्क झालो.

या अभ्यासाचे फळ म्हणजे 1928 साली केंब्रिजहून प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ 'द डेव्हलपमेंट ऑफ द ह्यूमन आय'. पुढे 1937 साली डोळ्यातील जन्मजात दोषांवरचा दुसरा ग्रंथ आला. पिढ्यान्‌पिढ्या नेत्रवैद्य या दोन ग्रंथांवर पोसले गेले.

पहिला ग्रंथ प्रसिद्ध होण्याआधीच, 1927 साली, लंडनच्या मूरफील्ड्स या जगप्रसिद्ध नेत्ररुग्णालयात वरिष्ठ शल्यचिकित्सक म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. त्या रुग्णालयाच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात या पदावर स्त्री प्रथमच बसत होती. हार्ली स्ट्रीट या डॉक्टरांच्या प्रतिष्ठित रस्त्यावर त्यांचा स्वतःचा दवाखानाही सुरू झाला. पोस्टातील कारकुनीपासून येथवरचा प्रवास सुमारे पंधरा वर्षांचा.

नेत्रतपासणीस गेलेल्या प्रत्येकाने स्लिट लॅम्प हे उपकरण पाहिलेले असते. हनुवटी टेकवून बसायचे आणि समोरून प्रकाशाची एक बारीक उभी फीत डोळ्यात येते, तेच ते. गुलस्ट्रँड या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1911 साली ते जगापुढे मांडले. इंग्लंडमध्ये ते नवीन असताना डॉ. मान यांनी ते आत्मसात केले. एवढ्यावर न थांबता त्या हे उपकरण घेऊन लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेल्या. मासे, सरपटणारे प्राणी, पक्षी, चतुष्पाद अशा नाना जीवांच्या बाहुलीभोवतीचे रंगीत वलय त्यांनी जिवंतपणी, त्यांना न मारता, न कापता पाहिले, त्याची चित्रे काढली आणि 1931 साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक जीवाच्या डोळ्याचे नक्षीकाम वेगळे असते. जीवमात्राच्या डोळ्यात इतक्या कुतूहलाने डोकावणारी ही स्त्री मला प्रथम जवळची वाटली ती या प्रसंगामुळे.

आता काँटॅक्ट लेन्सचा विषय. आज घराघरांतील मुली चष्म्याऐवजी ही मऊ चकती वापरतात. 1930 च्या सुमारास मात्र ती काचेची असे, डोळ्याचा पुढील सर्व पांढरा भाग झाकणारी, आणि साच्यातून निघाल्यासारखी ठराविक आकाराची. डोळा प्रत्येकाचा निराळा. तयार कपड्याच्या दुकानात तीनच मापे ठेवली तर गिऱ्हाइकाची जी अवस्था होईल तीच रुग्णाची होई. बुडापेस्टच्या योझेफ डॅलोस या तरुण डॉक्टराने यावर उपाय काढला. जिवंत डोळ्याचा मऊ पदार्थाने साचा घ्यायचा आणि त्या मापाबरहुकूम काच घडवायची. लंडनहून डॉ. मान आपल्या सहकाऱ्यांसह बुडापेस्टला गेल्या, काम पाहिले आणि डॅलोस यांना इंग्लंडमध्ये आणण्याच्या खटपटीस लागल्या. 1937 साली डॅलोस लंडनला आले. डॅलोस ज्यू होते आणि युरोपातील पुढील आठ वर्षांचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. एका कारागिराला बोलावणे गेले आणि कदाचित त्यामुळेच एक जीव वाचला, असे म्हणणे अतिशयोक्त होणार नाही.

या काचांचा एक उपयोग वाचून माझे मन हेलावले. पहिल्या महायुद्धात 1917 पासून मस्टर्ड वायूचा वापर झाला. त्यात सापडलेल्या सैनिकांचे डोळे काही आठवड्यांत बरे झाले, माणसे घरी गेली, संसाराला लागली. मात्र दहा, पंधरा, वीस वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत पुन्हा व्रण होऊ लागले. बुबुळावरचा पारदर्शक पडदा खडबडीत आणि गढूळ होई, उजेड सोसवत नसे, दृष्टी जाई. युद्ध विसरून गेलेल्या समाजात हे लोक अंधाऱ्या खोलीत बसून राहत. डॉ. मान यांनी अशा रुग्णांना मापाच्या काचा बसविल्या. काचेखाली द्रवाचा थर राहतो, त्यामुळे खडबडीत पृष्ठभाग प्रकाशाच्या दृष्टीने गुळगुळीत होतो आणि पापणीचे घर्षण थांबते. औषधाने जे साधले नाही ते एका काचेच्या कवचाने साधले. अशा 84 रुग्णांचा वृत्तान्त त्यांनी 1944 साली प्रसिद्ध केला.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्या ऑक्सफर्डला गेल्या. 1941 साली तेथील विद्यापीठात नेत्रविज्ञानाचे मार्गारेट ओगिल्व्ही अध्यापनपद त्यांना मिळाले. जुन्या पद्धतीने चाललेल्या तेथील नेत्ररुग्णालयाची त्यांनी घडी बसविली आणि नवी प्रयोगशाळा उभी केली. पेनिसिलिनचे प्रारंभीचे प्रयोग त्याच गावात चालू होते. ते औषध डोळ्याच्या विकारांवर वापरून पाहणाऱ्यांत त्याही होत्या. 1945 साली विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक ही उपाधी दिली. ऑक्सफर्डच्या कित्येक शतकांच्या इतिहासात ही उपाधी मिळालेली पहिली स्त्री ती हीच.

याच कालखंडातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. या लेखाचा आराखडा ऐकून आमच्या संपादक मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी मला नेमके तेच विचारले होते. शत्रू पुन्हा विषारी वायू वापरील या भीतीने ब्रिटिश सरकारने रासायनिक अस्त्रांवर संशोधन सुरू केले, त्यातील डोळ्यांवरील भाग डॉ. मान यांच्याकडे होता. अँटॉइनेट पिरी आणि आणखी एका सहकारी विदुषीसह त्यांनी ते काम केले. हे काम सशांच्या डोळ्यांवर झाले. सशाच्या डोळ्यात विषारी द्रव्य घालायचे आणि काय होते ते पाहायचे, असे त्याचे स्वरूप होते. लेविसाइट या विषावर ऑक्सफर्डमध्ये एक उतारा सापडला होता, त्याची डोळ्यांवरील परीक्षाही अशीच झाली. तो उतारा पुढे शिसे, आर्सेनिक यांसारख्या विषबाधांवर औषध म्हणून जगभर वापरला गेला आणि त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले, हे खरे. युरोपच्या रणांगणावर त्या युद्धात तो वायू वापरला गेला नाही, हेही खरे.

ससा पंचेंद्रिय जीव आहे. त्याच्या डोळ्याला झालेली वेदना ही वेदनाच, मग हेतू कोणताही असो. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या संस्थेच्या स्मरणिकेत या गोष्टीचे समर्थन मी करणार नाही, आणि करू शकतही नाही. ती वगळून गोडगोड चरित्र लिहिणे मात्र असत्य झाले असते, आणि सत्य हेही आपले व्रत आहे. शिबिरात आपण जी औषधे वाटतो त्यांपैकी बहुतेकांमागे असा काही इतिहास आहे, हे त्या ज्येष्ठ सदस्यांशी बोलताना दोघांच्याही लक्षात आले. त्यावर आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो. लेख छापावा आणि पूर्ण छापावा, असे त्यांनीच मग सुचविले.

अँटॉइनेट पिरी यांचे नाव वर आले आहे. ऑक्सफर्डचे ते अध्यापनपद डॉ. मान यांच्यानंतर त्यांच्याकडे गेले. उत्तरायुष्यात त्या भारतात, तमिळनाडूत येत असत. अ-जीवनसत्त्वाच्या अभावी लहान मुले आंधळी होतात, ते टाळण्यासाठी हिरव्या पालेभाज्या परसात लावाव्यात आणि आयांनी त्या मुलांना खाऊ घालाव्यात, या कामाला त्यांनी वाहून घेतले होते. प्रयोगशाळेतून भाजीच्या वाफ्यापर्यंत आलेली ही बाई स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आयडा मान यांनी विवाह केला तो वयाची एक्कावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर, 1944 च्या डिसेंबरात. पती विल्यम गाय हे कर्करोगाचे नामवंत संशोधक; कर्करोगामागे विषाणू असावा या मताचा त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्यांची प्रकृती ढासळू लागली म्हणून उबदार हवामान शोधीत हे दांपत्य 1949 साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी स्थायिक झाले. लंडन, ऑक्सफर्ड, मानमरातब सारे मागे राहिले. 1952 च्या ऑक्टोबरात गाय यांचे निधन झाले. परक्या देशात, साठीच्या उंबरठ्यावर, अपत्य नसलेली ही स्त्री एकटी उरली.

आपल्याकडे या वयाला लोक पोथी घेऊन बसतात, आणि त्यात गैर काही नाही. डॉ. मान यांनी 1953 साली सरकारी आरोग्य खात्याच्या वतीने किंबर्ली प्रदेशातील आदिवासींचे डोळे तपासण्याचे काम स्वीकारले. किंबर्ली म्हणजे राज्याचे उत्तर टोक, पर्थपासून दोन हजार किलोमीटरहून दूर, आकाराने आपल्या महाराष्ट्राहून मोठे आणि वस्ती तुरळक. लाल धूळ, कडक ऊन, पावसाळ्यात पूर. छोट्या विमानाने, मोटारीने, जेथे रस्ता संपेल तेथून पुढे मिळेल त्या साधनाने त्या वस्त्यावस्त्यांवर, मिशनांच्या छावण्यांत, गुरांच्या विस्तीर्ण कुरणांवर गेल्या. प्रत्येकाला समोर बसवायचे, पापणी उलटी करायची, पाहायचे, लिहून घ्यायचे.

जे दिसले ते भयंकर होते. ज्याला ऑस्ट्रेलियात वाळूचा डोळा अशा अर्थाच्या साध्या नावाने ओळखीत, तो रोग प्रत्यक्षात खुपऱ्याच होता आणि तो सर्वदूर पसरला होता. मुलांच्या पापण्यांत खुपऱ्यांचे दाणे, मध्यमवयीनांत व्रण, वृद्धांत आत वळलेले केस आणि गढूळ बुबुळे. आपल्या शिबिरातील त्या आजींच्या आयुष्याचे सारे टप्पे एका वस्तीत एकाच वेळी दिसावेत, तसे ते दृश्य होते. पुढील काही वर्षांत त्यांनी जवळजवळ संपूर्ण राज्य पालथे घातले. हे राज्य भारताच्या पाऊण आकाराचे आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतील एका कलमानुसार तेथील आदिवासींना देशाच्या अधिकृत लोकसंख्येत धरले जात नसे. 1967 च्या सार्वमताने ते कलम रद्द झाले. म्हणजे सरकारच्या वहीत ज्यांची नोंद नव्हती, त्यांच्या एकेका डोळ्याची नोंद ही माजी बँक कारकून चौदा वर्षे आधीपासून करीत होती. खतावणीत जे नाव नाही त्याचे देणे कोणी देत नाही, हे आम्हा व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. आरोग्य खात्याला त्यांच्या अहवालांमुळे प्रथमच रोगाचा खरा आकार कळला, आणि उपचारही उपलब्ध होते. सल्फा औषधे आली होती, पाठोपाठ टेट्रासायक्लिनचे मलम आले. रोगाचा सूक्ष्म जंतू प्रयोगशाळेत वाढविण्यात 1957 साली पेकिंगच्या तांग फेइफान या शास्त्रज्ञाला यश आले. पण मलम लावून बरे झालेले मूल त्याच धुळीत, त्याच गर्दीत, त्याच पाण्याच्या टंचाईत परत गेले की पुन्हा आजारी पडते. एका मुलाच्या डोळ्याच्या चिपडावरून उठलेली माशी दुसऱ्याच्या डोळ्यावर बसते. चेहरा धुण्यापुरते पाणी मिळाले तर हे चक्र तुटते.

ऑस्ट्रेलियाबाहेरही त्या फिरल्या. पापुआ न्यू गिनी आणि प्रशांत महासागरातील बेटांवर त्यांनी असेच सर्वेक्षण केले, जागतिक आरोग्य संघटनेला सल्ला दिला. या प्रवासांवर त्यांनी सासरचे आडनाव घेऊन, कॅरोलिन गाय या नावाने, दोन पुस्तके लिहिली. 1962 सालचे पहिले मगर आणि लंडनकर यांच्याविषयीचे, आणि 1964 सालचे दुसरे चीनविषयीचे. 1966 साली त्यांचा 'कल्चर, रेस, क्लायमेट अँड आय डिसीज' हा ग्रंथ आला. डोळ्याचा रोग कोणाला होतो हे वंशावर ठरते, हवामानावर ठरते की राहणीवर, हा त्यातील प्रश्न. चाळीस वर्षांपूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याची निर्मिती पाहणारी विदुषी आता डोळ्याच्या मालकाचे घर, पाणी आणि अंथरूण पाहत होती. त्यांच्या दोन्ही कामांत मला तरी हेच काम मोठे वाटते. विद्वानांचे मत वेगळे असू शकेल.

त्यांच्या हयातीतच रोग हटला असे मात्र झाले नाही. 1976 साली डॉ. फ्रेड हॉलोज यांनी ऑस्ट्रेलियाभर खुपऱ्यांच्या तपासणीची मोठी मोहीम सुरू केली आणि एक लाखाहून अधिक लोक तपासले, तेव्हाही आदिवासी वस्त्यांत तो ठाण मांडून होता. डॉ. मान यांनी वीस वर्षांपूर्वी जे लिहून ठेवले होते, ते पुन्हा एकदा सिद्ध झाले. आपल्या इशाऱ्याची सत्यता अशा प्रकारे पटलेली पाहण्यात समाधान किती आणि खेद किती, कोण जाणे. 1980 साली त्यांना डेम हा किताब मिळाला. 18 नोव्हेंबर 1983 रोजी पर्थ येथे, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. 'द चेस' हे त्यांचे आत्मचरित्र त्यानंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झाले.

आपल्या देशात 1963 साली राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. 1976 साली तो अंधत्व नियंत्रणाच्या व्यापक कार्यक्रमात सामील करण्यात आला. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केले. मलमांचा त्यात वाटा आहे, तसाच गावोगावी आलेल्या नळांचाही.

शिबिरातील त्या आजींच्या पापणीवरील व्रण फार जुने होते. त्यांच्या दोन्ही वरच्या पापण्यांची छोटी शस्त्रक्रिया ट्रस्टच्या खर्चाने पुढील पंधरवड्यात झाली. टाके काढण्याच्या दिवशी मुलाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्या एकट्याच एस.टी.ने आल्या, आणि नोंदणीच्या टेबलाशी येऊन त्यांनी पिशवीतून तो चिमटा काढून माझ्यापुढे ठेवला.